पेडणेकरांचं इतिवृत्त

पेडणेकर सभेचं इतिवृत्त सभेच्या आधी लिहीत. चेष्टा नाही करत. लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. दर रविवारी दुपारी तीनला आम्ही तिथे खेळायला जमायचो, आणि आम्ही पोचेपर्यंत आज काय काय 'ठरलं' ते त्यांच्या लांबट वहीत लिहून तयार असायचं. खाली फक्त सह्यांची जागा मोकळी.

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत, कॅरमही नव्हे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेलं मीठबंदर नावाचं एक शहर. त्यात वयाने अज्ञान राजा, कपटी प्रधान आणि प्रधानाने पाळलेला ड्रॅगन. आम्ही सहा खेळाडू एकेका गिल्डचे, म्हणजे कारागिरांच्या संघाचे, प्रमुख. मी विणकरांची. फासे टाकायचे, भांडायचं आणि शहराचं राजकारण चालवायचं. हे जग रचलं पेडणेकरांनी, खेळवायचेही तेच. डोकं होतं माणसाला, ते मी नाकारत नाही. "राजे येतत नि जातत गो शुभा," ते म्हणायचे, "ज्याच्या हातात काम, त्याच्या हातात गाव." ऐकायला इतकं गोड, की मी चार वर्षं ऐकत बसले.

पण हा माणूस मुळात चाळीच्या कमिटीचा जन्माचा सेक्रेटरी. मतदान म्हटलं की कपाळाला आठ्या. "हात कशाला वर करायला लावायचे? माणसं दुखावतात. सर्वानुमते लिहितो." ठराव म्हटला की मांडणारा एक सूचक हवा आणि त्याला पाठिंबा देणारा एक अनुमोदक. ही दोन्ही नावं ते स्वतःच्या मनाने घालत. "आज सूचक तुला केलाय हां," असं प्रसाद दिल्यासारखं सांगायचे, आणि आम्ही हसत सही ठोकायचो. आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होतो?

वही वाचायचा तो एकटा मेल्विन. मेल्विन माझगावचा, जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात कंत्राटावर फिटर. त्याच्याकडे नाविकांचं गिल्ड होतं. ड्रॅगनला खारं वारं सोसत नाही, त्याला समुद्र ओलांडायचा तर बोटीतूनच न्यावं लागतं, हा नियम पेडणेकरांचाच. त्यामुळे पलीकडच्या बेटावर मिठागरवाल्यांनी बंड केलं आणि प्रधानाने त्यांची वस्ती जाळायला ड्रॅगन काढला, तेव्हा मेल्विन शांतपणे म्हणाला, "आमच्या बोटी नाय जाणार."

तीन रविवार प्रधानाने धमक्या दिल्या, लालूच दाखवली, वादळं आणली. मेल्विनचं आपलं एकच, नाय म्हणजे नाय. पेडणेकरांनी महिनाभर खपून रचलेली लढाई धक्क्यावरच अडून बसली आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला तर मजा वाटत होती. चहा पिताना मेल्विन मला म्हणाला, "कामावर मी नाय बोललो तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा. इथे मी नाय बोललो की सगळं थांबतं यार. आठवडाभर मी त्याच्यावर जगतो."

चौथ्या रविवारी गरम भजी आली होती. पेडणेकरांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सही कर गो, भजी निवतायत." मी तेलकट बोटांनीच सही केली. मग वही मेल्विनकडे गेली आणि त्याने नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतली.

"नाविकांचे गिल्ड राजद्रोहाबद्दल बरखास्त करण्यात येत आहे. सर्व बोटी प्रधानाच्या ताब्यात. सूचक, लोहार गिल्ड. अनुमोदक, विणकर गिल्ड. सर्वानुमते मंजूर."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू वाचलंस हे?"

"नाही रे. भजी..."

"वाचून सही केली असतीस तर भांडलो असतो," तो म्हणाला. आपले फासे खिशात घातले आणि निघून गेला.

मी पेडणेकरांवर तुटून पडले. ते मिशीला लागलेला भज्याचा कण झटकत म्हणाले, "खेळ आहे गो! एवढं काय मनाला लावून घ्यायचं? माझी गोष्ट पुढे नको जायला?" आणि गोष्ट गेली पुढे. ड्रॅगन बोटीत चढला, मिठागरवाल्यांची वस्ती जळाली. माझी पाळी आली तेव्हा मीही फासा टाकला. सहा पडले. त्या माणसाचा मला राग आहे, अजूनही आहे, आणि त्या सहाचाही आहे.

मधल्या बुधवारी मी माझगावला गेले. मेल्विनने चहा दिला, त्याच्या आईने केक दिला, तिच्या गुडघ्याबद्दल आम्ही अर्धा तास बोललो. निघताना विचारलं, "येशील ना रविवारी?" तो म्हणाला, "शिफ्ट बदलली." बदललेली नव्हती, आईच्या तोंडावरूनच कळलं.

रविवारी मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "पेडणेकर, माझं नाव खोडा. नाविकांचं गिल्ड परत करा. मेल्विनला मी स्वतः घेऊन येते."

त्यांनी चष्मा पुसला. "इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. दुरुस्तीचा ठराव आण. माझी ना नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने कोरं पान उघडलं. "सूचक, शुभा. बोल, अनुमोदक कोण?"

मी टेबलाभोवती बघितलं. लोहार गिल्ड फाशाकडे बघत होतं. कुंभार गिल्डचा मोबाइल वाजला नव्हता, तरी तो बाहेर काढला गेला. उरलेल्या दोघांना एकाएकी कॅलेंडरच्या पाठीवरचा नकाशा फार आवडायला लागला. चार वर्षं ज्यांच्याबरोबर एका ताटलीतून भजी खाल्ली, ती ही माणसं.

"थांबतो मी," पेडणेकर म्हणाले. पेन उघडंच होतं. घाई त्यांना कधीच नसायची.

मला पाठिंबा देईल असा त्या खोलीत एकच माणूस बसायचा, आणि त्याला माझ्या सहीने घालवलं होतं.