नाकवाल्या मामांची पहिली सिगार

माझे मामा नाकाची नोकरी करत. साबणाच्या कारखान्यात कढईतला माल साच्यात ओतायच्या आधी ते टिपकागदाची पट्टी त्यात बुडवून हुंगत, मग स्वतःच्याच कोपराच्या वळणात नाक खुपसून ते ताजं करत आणि पुन्हा एकदा हुंगत. त्यांची सही झाल्याशिवाय एक वडी बाहेर जात नसे. अशी सव्वीस वर्षं. जाच मात्र आम्हाला. मामी बिनवासाच्या साबणानं अंघोळ करायची, घरात कांदा फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी चिरला जायचा. मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते. मला नुसती शिंक आली तरी माझी रवानगी मावशीकडे. भाचीपेक्षा नाक प्यारं! राग यायचा मला, अजूनही येतो.

एका गिऱ्हाइकाला सिगारच्या वासाचा दाढीचा साबण हवा होता. मामांनी तंबाखूचं पान हुंगून वास जुळवला. "हा वाळल्या गवताचा वास झाला, मला पेटलेल्या सिगारचा हवा," म्हणून गिऱ्हाइकानं तो परत पाठवला. मग मालकांनी पाच सिगारींची लाकडी पेटी मामांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ओढून बघा. नाकाला आपोआप कळेल."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मात त्यांनी कधी विडीसुद्धा ओठाला लावली नव्हती.

"सरळ नाही म्हणा," मामी म्हणाली.

"नाही म्हटलं तर म्हणतील, म्हाताऱ्याचं नाक गेलं."

"आणि ओढून खरंच गेलं म्हणजे?"

त्या आठवड्यात मामांचं जेवण निम्म्यावर आलं. सिगारच्या दुकानदाराकडे जाऊन त्यांनी सगळं कागदावर उतरवून आणलं: टोपीकडचं, म्हणजे तोंडात धरायचं टोक थोडंसंच कापायचं, दुसरं टोक ज्योतीपासून जरा दूर धरून गोल फिरवत पेटवायचं, मिनिटाला एकच झुरका, पोट भरलेलं हवं. आणि धूर तोंडातच खेळवायचा, आत ओढायचा नाही. या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. मामी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी, जणू घरच पेटणार होतं. मामांच्या हातातली काडी तीनदा विझली. शेवटी मीच पेटवून दिली. पहिला झुरका नीट गेला, दुसराही. मग त्यांचे डोळे मिटले, कपाळाला आठी पडली. वास लागत होता! आणि सव्वीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं: तोंड मिटलं आणि सगळा धूर नाकाच्या मुळापर्यंत खेचून घेतला.

चेहरा पांढराफटक पडला. घाम फुटला. बादली भलत्याच कामाला आली, आणि जेवलेलं सगळं तोंडाबरोबर नाकातूनही बाहेर पडलं. मामीनं साखरेचं पाणी पाजून त्यांना झोपवलं.

सकाळी मामांना चहाचा वास येईना. त्यांनी साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, चपलेचं पॉलिश हुंगलं. शेवटी माझा धुवायचा मोजा उचलून नाकाला लावला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसणार होते, पण हसले नाही. इतका घाबरलेला मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"आज रजा टाका," मी म्हटलं.

"रजा टाकली की विचारतील. कुणाला बोलू नकोस, शपथ आहे तुला."

ते कामावर गेले. पट्टी बुडवली, हुंगल्याचं सोंग केलं, सही केली. असं तीन दिवस. कुणी मागून हाक मारली तरी त्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. घरी आले की पाय धुवायच्या आधी मोजा मागायचे.

चौथ्या दिवशी कारखान्यात त्यांना वास येऊ लागला. आधी पुसट, मग पुरता. आनंदानं ते थेट नमुन्यांच्या कपाटाकडे गेले आणि पहिल्या दिवशीची वडी उचलली. खवट! तेल बिघडलेलं होतं. खालच्या चिठ्ठीवर त्यांचीच सही.

तसेच ते मालकांसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सिगार, उलटी, खोट्या सह्या, सगळं. नोकरी गेली असं धरूनच.

मालकांनी वही चाळली. "तो माल? अहो, तो परवाच गेला. दुकानांनी आणखी मागवलाय. कुणाची एक तक्रार नाही." ते हसले. "उगीच घाबरलात, मामा. जा, कामाला लागा."

संध्याकाळी मामांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा मामीनं सुटकेचा श्वास टाकला. मीही टाळी वाजवली. मामा मात्र टेबलाची कड घट्ट धरून बसले होते.

"सुटलात की हो!" मामी म्हणाली. "आता कसली भीती?"

"नाकाशिवायही माल खपतो हे मला आज कळलं," मामा म्हणाले, "ते मालकांना कधी कळतं, याची."