दोन टोकांचा एक नंबर

सुखदेव गेल्याची बातमी अख्ख्या वऱ्हाडाने माझ्याबरोबरच ऐकली. देवरीला एका लग्नाच्या मांडवात मी माइक तपासत होतो. एका हातात चालू माइक, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर त्याची सून प्रणाली. "काकाजी, मामाजी गेले. जेवून उठले आणि खुर्चीतच..." मी फक्त "काय? सुखदेव गेला?" एवढंच म्हणालो, पण ते आठ भोंग्यांतून म्हणालो. आचाऱ्याचा झारा हवेत थांबला, नवरदेवाची घोडी बिथरली, आणि त्या मांडवात सुखदेवला ओळखणारं एकही माणूस नसताना सगळे उठून उभे राहिले. घोडीचं मी थोडं वाढवून सांगतोय. माणसं उभी राहिली हे मात्र खरं. त्याला ते आवडलं असतं. त्यातूनही त्याने विचारलंच असतं, "बसून राहिले होते ते काऊन?"

सुखदेव आमच्या कुडव्याचा. सगळी नोकरी लाईनमन म्हणून खांबावर काढलेला माणूस. उंचावरून खाली बोलायची सवय, म्हणून त्याचा आवाज असा, की तो अंगणातून सुनेला चहा मागायचा आणि बिरसीच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिक विमान वळवायचे. आमची ओळख १९९९ साली भांडणातून झाली. माझं मंडप-लाऊडस्पीकरचं दुकान तेव्हा नवीन होतं आणि मी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या आमच्या जत्रेच्या, नाटकासाठी सरळ तारेवर आकडा टाकला होता. हा सायकलवरून आला, खांबावर चढला, आकडा काढला आणि वरूनच ओरडला, "काय बे भोंग्या, तार तुह्या बापाची होय का?" मी म्हटलं, "खाली ये, सांगतो." तो खरंच खाली आला. पुढे काय झालं ते सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी रीतसर जोडणी त्यानेच करून दिली आणि मरेपर्यंत मला भोंग्याच म्हणाला.

त्याचा एक नेम होता. कोणत्याही लाईनीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. पिवळ्या रंगाचा डबा सायकलला टांगलेला, इकडच्या टोकाला सतरा तर तिकडच्या टोकालाही सतरा, स्वतः रंगवायचा. लोक हसायचे. मीही हसलो होतो, एकदाच. तेव्हा त्याने सांगितलं. तरुणपणी त्याचा एक जोडीदार वर चढला होता आणि याने खालून लाईन बंद केली होती. एका टोकाला एक नंबर होता, दुसऱ्याला दुसराच. बंद झाली ती लाईन वेगळी. जोडीदार खाली आला तो चौघांच्या हातांवर... त्यानंतर त्या नंबरांवर मी कधी हसलो नाही. आणि मी न हसलेल्या गोष्टी अख्ख्या जिल्ह्यात चार-पाचच असतील.

आता वच्छलावहिनी. सुखदेवची बायको. घरात मोजकं बोलणारी बाई, पण मंडईच्या नाटकात दरवर्षी खाष्ट सासू तीच. स्टेजवर उभी राहून जावयाला अशी फाडायची की माझ्या माइकचा काटा लालच्या पलीकडे जायचा आणि पहिल्या रांगेतले खरेखुरे जावई मान खाली घालायचे. एका वर्षी आमच्या केबलवाल्याने ते नाटक टीव्हीवर दाखवलं. नागपूरला नोकरीला असलेल्या मुलाने आणलेल्या हार्डडिस्कच्या रेकॉर्डरवर वहिनीने स्वतःच बटण दाबून स्वतःला भरून घेतलं. केबलवाल्याने आपली प्रत पुढच्याच महिन्यात पुसली. वहिनी पुढच्या वर्षी गेली. जगाच्या पाठीवर तिचा आवाज उरला तो त्या एका काळ्या डब्यात, चार मिनिटं.

आणि एका वैशाखात वीज पडली. केबलच्या तारेतून आत आली आणि रेकॉर्डरच्या पाठीमागची सगळी भोकं काळी करून गेली. टीव्हीची वायर लावायला जागाच राहिली नाही. जन्मभर जगाच्या घरातली वीज सांभाळली आणि आपल्याच घरातली वायर काढायची राहिली, हे त्याला इतकं लागलं की दोन दिवस तो हळू आवाजात बोलला. गल्लीला वाटलं आजारी पडला. गोंदियातला एक मेकॅनिक येऊन बघून म्हणाला, "अंकल, अंदर सब ज़िंदा है, वायरलेस भी. डिस्क निकालूँगा तो दूसरी मशीन में खुलेगी नहीं. इसी कंपनी का दूसरा रेकॉर्डर लाओ, वो हवा में से इसको ढूँढ लेगा और टीवी पे दिखा देगा."

दुसरा रेकॉर्डर आला. वायफायवर बसवताना अशा डब्याला एक नंबर द्यावा लागतो, घराला घरनंबर असतो तसा. सुखदेवने तो स्वतः दिला, कुणाला हात लावू दिला नाही. आणि दोन डबे एकाच घरात, एकाच वायफायवर, एकमेकांना शोधेनात. नवा डबा टीव्हीवर सांगायचा, कोणी सापडलं नाही. सकाळी कोणी नाही, संध्याकाळी कोणी नाही. कंपनीच्या फोनवरची बाई दर वेळी विचारायची, दोन्हीचं सेटिंग सेम आहे ना? हा छाती फुगवून सांगायचा, "सगळं सेम आहे बाई, मी लाईनमन होतो." मग ती म्हणायची, जुना रिसेट करा. मेकॅनिकही तेच म्हणाला, "रिसेट मार दो अंकल. रेकॉर्डिंग उड़ेगी, पर मशीन नई हो जाएगी."

"मशीन नवी होऊन का करू?" सुखदेव गरजला. "मले जुनीच पाहिजे!"

मेकॅनिक पुन्हा आला नाही. माझ्या मते तो रायपूरला स्थायिक झाला.

आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! नवा डबा माळ्यावर ठेवला, खिडकीत ठेवला, तुळईला टांगला. मोडेमची शिंगं चारी दिशांना फिरवली. शेवटी दोन्ही डबे एकाच खाटेवर नवरा-नवरीसारखे शेजारी शेजारी बसवले, मध्ये बोटभर अंतर. तरी टीव्हीवर तेच, कोणी सापडलं नाही. प्रणाली म्हणाली, "मामाजी, सोडा न आता. फोटो आहेत आईंचे." त्यावर तो म्हणाला, "फोटो शिव्या देते का?" आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत रिसेटच्या बटणावर त्याने काळी चिकटपट्टी मारून ठेवली होती, सात पदर. मी मोजले.

उलगडा झाला तो माझ्याच धंद्यात, आणि ज्या गोष्टीवर मी भाकर खातो तीच मला आठ महिने सुचली नाही, हे इथं छापून येतंय म्हणून कबूल करतो. एका कार्यक्रमात मी दोन बिनतारी माइक चुकून एकाच नंबरवर लावले. दोन पाहुणे, दोघांचे माइक एकमेकांना खाऊन टाकत होते, भोंग्यातून नुसती खरखर. एकाचा नंबर बदलला आणि दोघंही सुरू झाले, दुर्दैवाने. मी तिथूनच गाडीला किक मारली.

"सुखदेव, नव्या डब्याला नंबर कोणता दिला?"

"सतरा."

"आणि जुन्याला?"

"सतराच. दुसरा कोणता देईन?"

मी खालीच बसलो. म्हटलं, "अरे बाप्पा, तो सतराला हाक मारून राहिला, पण सतरा तर तो स्वतःच. त्याले दुसरा सापडन कसा? नव्याचा नंबर बदल, आत्ता."

तो उठून उभा राहिला. चेहरा असा झाला की मला खांबाखालचे ते चौघं दिसले. "नाही बदलत."

"वहिनी आत अडकून राहिली आहे बे!"

"राहू दे. दोन टोकं, एक नंबर. मी माणूस गमावून शिकलो हे, भोंग्या. तू काही गमावून शिकला का?"

मी चपला घातल्या आणि निघालो. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. कुडव्यात इतकी शांतता पहिल्यांदाच झाली. सोळाव्या दिवशी मीच गेलो आणि मांडवात कधी बोलत नाही इतकं हळू बोललो. म्हटलं, "तारेचा नेम तुझा खराच आहे. पण इथं तार कुठं आहे, सांग. हे एका तारेची दोन टोकं नाहीत, दोन घरं आहेत. दोन घरांना एकच नंबर दिला तर चिठ्ठी कोणाच्या घरी जाईल?" त्याने एकदा दोन्ही डब्यांकडे पाहिलं. मग आत गेला आणि बाहेर आला तो हातात खांबावरचे रबरी मोजे घालून. रिमोटचं एक बटण दाबायला हा माणूस कोपरापर्यंत मोजे घालून बसला! मी हसलो नाही. जाड रबरातून त्याचं बोट तीनदा चुकीच्या बटणावर गेलं. चौथ्यांदा अठरा झाला.

टीव्हीवर चक्र फिरलं... आणि खाली एक ओळ आली. एक रेकॉर्डर सापडला.

मोजे न काढताच त्याने नाटक लावलं. वहिनी आली. नऊवारी खोचलेली, हात कमरेवर. "ऊठ! माह्या घरात कायले बसून राहिला? निघ म्हणते न!" नाटकातला जावई गप्प राहतो, तिथं प्रेक्षकांच्या हशासाठी जागा सोडलेली. त्या जागेत सुखदेव खुर्चीतून ओरडला, "नाही निघत जाय! का करशील?" आणि नेमकी त्यावर वहिनी पडद्यावरून म्हणाली, "पाहा हो, कसा उलटून बोलून राहिला!" सुखदेवने मोजा डोळ्यांना लावला. रबराने पाणी टिपलं जात नाही, नुसतं गालभर पसरतं. मी मुद्दाम मोडेमकडे बघत राहिलो.

तेव्हापासून दर दुपारी जेवण झालं की चार मिनिटं भांडण. ती हाकलायची, हा नाही म्हणायचा, एकही ओळ चुकायची नाही. प्रणाली कपाळावर हात मारायची, "काकाजी, माझे कान गेले, तुम्ही तरी सांगा न यांना." मी सांगितलं नाही. त्या दिवशीही भांडण पुरं करूनच तो खुर्चीत मान टाकून बसला, असं तिनं मला नंतर सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं काहीतरी लिहिलं आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मुलगा नागपूरला परतला. परवा दुपारी मी त्याच्या घरी गेलो. खुर्ची मोकळी होती. प्रणाली आत भाजीला फोडणी देत होती. मला राहवेना, मी रिमोट उचलला. अठराने सतराला एका क्षणात शोधलं. वहिनी कमरेवर हात ठेवून गरजली, "ऊठ! माह्या घरात कायले बसून राहिला? निघ म्हणते न!"

मग ती रिकामी जागा आली. माझा, आठ भोंग्यांच्या मालकाचा, आवाज फुटेना. पडद्यावर वहिनी वाट बघत उभी...

आणि स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजावर चढून, कढईतला झारा न थांबवता प्रणाली ओरडली, "नाही निघत जाय! का करशील?"