सतरा नंबरचा कागद

लतिका मोकाशी अमेरिकेच्या इतिहासात शिरली ती मोडी लिपीच्या दारातून, असं मी म्हणायचे आणि ती चिडायची. लग्नाआधी ती पुण्याला दफ्तरखान्यात मोडी कागद वाचायची. नवऱ्याबरोबर, विनयबरोबर, अमेरिकेत हर्नडनला आली, दोन वर्षं माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये बसून कंटाळली, आणि मग अर्ध्या तासावरच्या एका संस्थेत तिला काम मिळालं. हा देश नवाकोरा होता तेव्हाच्या विथरबी नावाच्या एका सिनेटरची घरगुती पत्रं आणि डायऱ्या तिथे छापण्यासाठी तयार होत होत्या. ते जुनं अक्षर भल्याभल्या अमेरिकनांना लागत नसे. लतिकाला लागे. "मोडीपेक्षा सोपं आहे गं. हे लोक निदान शब्द तोडून तरी लिहितात," ती म्हणायची.

देश घडवणारी माणसं पत्रांतही मोठमोठं बोलत असतील अशी माझी समजूत होती. सिनेटरसाहेबांच्या डायरीत निघाली दाढदुखी आणि पाऊस. बायको हॅना हिच्या पत्रांत मुलींचे ताप, चिखलात रुतलेली घोडागाडी, आणि दर खेपेला एकच तक्रार: तुमचं पत्र आलं नाही. लतिका तिच्याबद्दल वरच्या मजल्यावरच्या बाईबद्दल बोलावं तसं बोलायची. "हॅनाच्या धाकटीचा ताप उतरत नाहीये," असं भाजी चिरताना सांगायची. बरी झाली का विचारलं तर म्हणायची, "माहीत नाही, पुढचं पत्र अजून वाचलं नाही." तो ताप एकशेनव्वद वर्षांपूर्वीचा. तरी माझा जीव टांगणीला लागायचा, आणि मग मला माझाच राग यायचा.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. विनय कामासाठी टेक्सासला गेला होता. संध्याकाळी सहाला लतिका माझ्या दारात उभी राहिली, अंगातला कोटही न काढता.

"कांचन, माझ्या हातून काहीतरी भयंकर झालंय. बहुतेक."

त्या 'बहुतेक'नेच तिचा चेहरा उतरला होता. दुपारी जाताना तिने टपालपेटीतलं भावाचं, श्रीरंगचं पत्र पर्समध्ये टाकलं होतं. ते ऑफिसच्या टेबलावर उघडलं. जुने कागद समोर असताना स्वतःचे कागद काढायचे नाहीत असा तिथला कडक नियम. तो तिने एकदाच मोडला. पहिल्याच ओळीत मावशी गेल्याचं होतं. आईच्या माघारी या दोघा भावंडांना त्याच मावशीने वाढवलेलं.

आता, आपल्याकडे मृत्यूची बातमी आलेलं पत्र घरात ठेवत नाहीत. उंबऱ्यावरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. लतिकाच्या हातांनी तेच केलं. पुढचं वाचलंही नाही. उभ्या उभ्या चार-सहा तुकडे केले, टेबलाखालच्या टोपलीत टाकले, आणि डोळे कोरडे ठेवून कामाला लागली. चार वाजता तिच्या संपादक मिस अ‍ॅबट यांनी फाइल मागितली, तेव्हा हॅनाचा सतरा नंबरचा कागद त्यात नव्हता.

"तोही निळसर आहे गं, घडीचा, आपल्या विमानटपालाच्या एरोग्रामसारखाच. फाइल तिथेच उघडी होती. मी किती कागद फाडले ते मला आठवतच नाही."

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"उद्या शोधते म्हणाले. मावशीचंही सांगितलं नाही."

मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, "गप्प बस. तिथे दहा माणसांचा हात लागतो त्या कागदांना. कोणी विचारलं तर शोधतेय म्हण." ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी उठून वरणभात लावला. तिने दोन घास खाल्ले. ज्या कागदाला आग लागली नाही, पाणी लागलं नाही, त्याला आपला हात लागला, असं ती दोनदा म्हणाली. मावशीसाठी रडायलाही त्या कागदाने तिला मोकळं ठेवलं नव्हतं, आणि याचा मला हॅनावरच राग आला.

सकाळी मीच तिला ड्राइव्ह करून नेलं. तिला गाडी येत नव्हती. रस्त्यावर बर्फ होतं आणि ती सारखी घड्याळ बघत होती. मिस अ‍ॅबट साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. लतिकाने त्यांना सगळं सांगितलं, नियम मोडल्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कचरा कधी नेतात?" शुक्रवारी. त्या दिवशी गुरुवार होता.

मग आम्ही तिघींनी तळघरात जाऊन पिशव्या उपसल्या. कॉफीचा चोथा, सँडविचचे कागद, केळीची सालं. मी मनातल्या मनात नको नको ते बोलत होते. तिसऱ्या पिशवीत निळे तुकडे मिळाले, एकूण अकरा. मिस अ‍ॅबटनी ते वर नेऊन पांढऱ्या कागदावर पसरले आणि चिमट्याने कडेला कडा जुळवायला लागल्या. काही तुकडे कॉफीने असे माखले होते की शाई कुठली ते कळेना.

"हे सगळे एकाच पत्राचे आहेत की दोन, ते तूच सांगू शकतेस," त्या म्हणाल्या. "सलग वाच. मध्ये कुठे खंड पडतो का बघ."

म्हणून लतिकाने ते पत्र वाचलं. पहिल्यांदाच पूर्ण, मोठ्याने, मराठीत. मिस अ‍ॅबट एकेका तुकड्यावर बोट ठेवत होत्या. तार करणार होतो, पण परदेशात तू एकटीने तार उघडावीस असं वाटेना, असं श्रीरंगने लिहिलं होतं. मावशी शेवटचे आठ दिवस रोज विचारायची, लतीचं पत्र आलं का. 'आणि आज, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझं पत्र आलं. तिच्या नावाचं आहे, मी उघडलेलं नाही. दहाव्याला तिच्या पोथ्या नदीत सोडायच्या आहेत, त्यांतच ते सोडावं असं काका म्हणतात. मला वाटतं तुला विचारावं. पत्र मिळताच शेजारच्या नंबरवर फोन कर.'

तिने बोटं मोजली. मीही मोजली. आज दहावा. इथे सकाळचे दहा, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. काल दुपारी तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं असतं तर तिकडे जेमतेम मध्यरात्र उलटलेली होती.

मी मिस अ‍ॅबटना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी काही न विचारता फोन लतिकापुढे सरकवला. लाइन लागत नव्हती. ती तिसऱ्यांदा नंबर फिरवत असताना जुन्या कागदांचे फोटो घेणारा मायक्रोफिल्मवाला गृहस्थ हातात फोल्डर घेऊन आला. सतरा नंबरचा कागद मंगळवारपासून त्याच्याकडेच होता; नेल्याची चिठ्ठी फाइलला लावायला तो विसरला होता. मिस अ‍ॅबटनी डोळे मिटून श्वास सोडला आणि तो कागद लतिकाच्या समोर ठेवला. पूर्ण होता, कुठे चीरसुद्धा नाही. लतिकाने तिकडे बघितलं नाही.

फोन लागला. शेजाऱ्यांनी श्रीरंगला बोलावून आणलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "माझं पत्र?" नंतर बराच वेळ ऐकत राहिली.

"सकाळीच सोडलं," तिने फोन ठेवल्यावर मला सांगितलं. "घाटावर जायला तासभर उशीर केला म्हणाला, माझा फोन येईल म्हणून."

आणि मग ती रडली, कालपासूनचं सगळं. मिस अ‍ॅबट तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

परत येताना, सिग्नलला थांबले असताना, न राहवून मी विचारलं, "काय लिहिलं होतंस गं त्यात?"

"काही नाही," ती म्हणाली. "इथे बर्फ पडलंय. विनयला नवीन कोट घेतला. तुझा गुडघा कसा आहे ते लगेच कळव, मी वाट बघतेय."