ठिवू का काढू?

"ठिवू का काढू?" गिऱ्हाइकाचा फोटो संगणकावर उघडला की ती हे विचारायचीच. गालावरचा तीळ असो, कपाळावरची जुनी खोक असो, नाहीतर मुरमं. परंड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. तिथं ती चार वर्षं फोटो साफ करायच्या कामाला होती. आम्ही स्टुडिओवाले न विचारता भिंतीला चुना मारल्यासारखा चेहरा एकसारखा करून देतो. "अगं, विचारतेस काय? काढून टाक," मी म्हणायचो. "तोंड त्यांचं हाय काका," म्हणून ती गिऱ्हाइकाकडं बघत राहायची.

तिच्या स्वतःच्या तोंडावर मुरमं होती. थोडीथोडकी नव्हेत. गालांवर, हनुवटीवर लाल, ठणकणारी, आणि जी बसली त्यांचे काळे डाग. ओढणी कायम डोळ्यांखालपर्यंत घट्ट. तुम्ही म्हणाल, आपल्याकडच्या उन्हात सगळ्याच पोरी बांधतात. पण त्या सावलीत आल्या की सोडतात. ही पाणीसुद्धा ओढणीखालून पेला नेऊन प्यायची. डबा भिंतीकडं तोंड करून खायची.

हे तिला शिकवलं कुणी? तुम्ही-आम्हीच. स्टुडिओत पाऊल टाकलं की ना नमस्कार ना चमत्कार, "अगं बया, तोंडाला काय झालं गं?" मग हळद लाव, तूप बंद कर, पोट साफ नसंल, लगीन झालं की जात्यात. गुटख्यानं दात लाल झालेला एक गृहस्थ तिला म्हणाला, "तोंड धूत जा गं जरा." ती दिवसातून सहा वेळा धुवायची, मी बघत होतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या मलमानं तिनं एक गाल भाजूनही घेतला होता. त्या गुटखेवाल्या गृहस्थाला मी फोटो दिले आणि वर चहा पाजला. आठवलं की आजही डोकं फिरतं.

तिचा स्वतःचा एकच फोटो होता, दहावीच्या फॉर्मचा. कुठल्याही अर्जाला तोच. नर्सिंगच्या कोर्सला ताजा फोटो मागितला, तर तिनं फॉर्मच भरला नाही. "फुडच्या साली बगू," म्हणाली. असं दोनदा झालं. फोटोच्या दुकानात काम करणाऱ्या पोरीची दोन वर्षं एका फोटोपायी गेली, आणि घरातले म्हणत होते, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस.

मग कुर्डुवाडीकडचं एक स्थळ आलं. तिची आई माझ्याकडं आली. "भाऊ, एक चांगला फोटू काढून द्या तिचा." पोर तयार नव्हती. आईसाठी स्टुलावर बसली, ओढणी सोडली, मान काही वर करेना. कसाबसा एक फोटो मिळाला. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. मी स्वतः संगणकावर बसलो आणि एक-एक मुरूम पुसलं. इतकं सफाईदार काम माझ्या हातून कधी झालं नसेल. पोरीचं भलं होईल, एवढंच मनात होतं. तिला विचारावं हे काही सुचलं नाही. फोटो परस्पर तिच्या आईला दिला.

पाहुणे आले, मीही घरचाच म्हणून हजर होतो. तिनं पोहे दिले. मुलाच्या आत्यानं पर्समधून फोटो काढला आणि भर बैठकीत तिच्या गालाशेजारी धरला.

"ह्यो फोटू कुणाचा म्हणायचा?"

दोघं-तिघं हसले. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता. "ते मी केलंय," एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मी पोह्यांची बशी धरून बसलो. तिची आई हात जोडून माफी मागत होती. कशाची माफी? पोरीला मुरमं आहेत याची?

आठ दिवस ती कामावर आली नाही. मी घरी गेलो. दार थोडंसंच उघडलं.

"त्या बाईचं एवढं मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो.

"ती परकी माणसं हैत काका. पर तुमी? तुमी मला इचारलं न्हाय."

मी दारातूनच परत फिरलो.

त्यानंतर ती आली ती थेट पुढच्या जूनमध्ये, एका सकाळी. ओढणी गळ्यात होती. बाकावर बसलेल्या बाईनं "अगं बया" सुरू केलं, तेव्हा मी म्हणालो, "फोटो पाहिजे असेल तर गप बसा." आयुष्यात गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच असं बोललो.

"फॉर्मला पायजे," ती म्हणाली. "लातूरचा कोर्स हाय."

फोटो काढला, पडद्यावर आणला. सवयीनं माझा हात माऊसकडं गेला. तो मागं घेतला आणि विचारलं, "ठेवू का काढू?"

ती पडद्याजवळ सरकली आणि एक-एक डाग बघत गेली.

"ठिवा. तिथं कुणी फोटू तोंडाला लावून बघितला, तर ती मीच असाया पायजे."

आता ती लातूरला असते. तिच्या खुर्चीवर मी बसतो आणि येईल त्याला तेच विचारतो. लोक हसतात, म्हणतात, यात विचारायचं काय? फॉर्मसाठी काढलेल्या तिच्या आठ फोटोंतले सहा तिनं नेले, दोन माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. त्यातला एक काउंटरच्या काचेखाली लावावा असं फार वाटतं. पण तिला अजून विचारलेलं नाही.