इंदापूरला जातानाची टिकली

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, बाबाच्या हळदीच्या एकाही फोटोत तू कशी नाहीस?" मी म्हटलं, "मी चहाचं बघत होते गं." ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हा दोघांना लिहिते आहे. पहिल्यापासून क्रमाने लिहिते, मला तसंच जमतं.

तुमच्या बाबाचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. हळद बारामतीलाच, आपल्या अंगणात होती. आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, इंदापूरहून आधीच येऊन राहिल्या होत्या. मांडव, देवक, जात्यावर हळद दळायला सवाष्णी गोळा करणं, सगळं त्यांनीच अंगावर घेतलं होतं. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे कॉलेजात शिकवणारी. घरात सून म्हणून आले तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. जे आलं ते वन्संनी शिकवलं, न हसता शिकवलं. बाळंतपणात माझं डोकंही त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर त्या तुम्हाला दुष्ट वाटतील.

बाबा पाटावर बसला. पहिली हळद आईची, असं मी धरूनच चालले होते. कुणाला विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही. वाटी उचलली, बोटं हळदीत बुडवली, तेवढ्यात वन्सं पुढे आल्या. त्यांनी वाटी माझ्या हातातून अलगद काढून घेतली.

"वैनी, तू मागं थांब. पोराच्या भल्यासाठी सांगते."

आवाज चढवला नाही, तोंडावर हसूच होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्यास्नी कुठलं ठावं असतंय!" त्यावर दोघीतिघी हसल्या. हळद डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाबा डोळे मिटून बसला होता. त्याने काही पाहिलं नाही आणि मीही त्याला कधी सांगितलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी बोटं धुतली आणि चहाचं बघायला लागले.

त्यानंतर वन्संशी मी बोलणं टाकलं नाही. इंदापूरच्या कुठल्याही कार्याला गेले नाही असं झालं नाही. जेवले, आहेर केला, परत आले. फक्त एक वाक्य ऐकायचं राहिलं होतं: चुकलं माझं. त्यावरचं माझं उत्तरसुद्धा तयार होतं. 'जाऊ द्या वन्सं, किती जुनं झालं ते.' हलकेच म्हणायचं, त्यांना अवघड वाटू नये असं. माफ करायला मी तयार होते, पण त्यांनी मागायला हवं होतं.

मग त्यांचे यजमान गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं. माझा हात धरून म्हणाल्या, "वैनी, हे असं असतंय व्हय गं?" मी म्हटलं, "हो." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तवा तुला..." एवढंच म्हणाल्या आणि दारातून सांगवीच्या पाहुण्या बायका रडत आत आल्या. वन्संनी माझा हात सोडला. पुढचं आज ना उद्या बोलतील, असं मला वाटत राहिलं.

पण त्यांना विसर पडायला लागला. आधी भाजीत मीठ टाकलं की नाही हे विसरत, मग नातवंडांची नावं. गेल्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी फार वेळ खोळंबा केला. एसटीत बसून मी ठरवत होते, आज आपणच विषय काढायचा. त्या काही बोलोत न बोलोत, आपण आपलं 'जाऊ द्या' म्हणून मोकळं व्हायचं.

वन्सं ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. कपाळावर मोठं कुंकू. मी चमकले. त्यांची सून पाणी घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामी, रोज लावावं लागतंय. न्हाय लावलं तर विचारत्यात, का न्हाय लावलं? एकदा खरं सांगितलं, तर जणू त्याच दिवशी गेले असं रडल्या. आता कुणी सांगत न्हाय. लोकं बोलत्यात, पण मी काय करू?"

मी जाऊन वन्संच्या शेजारी बसले. त्यांनी मला ओळखलं. चेहरा उजळला, आणि लगेच कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, मोकळ्या कपाळानं आलीस? दादा काय म्हणंल? घरात कुंकू संपलं का तुमच्या?"

दादा म्हणजे तुमचे आजोबा; वन्संपेक्षा धाकटे, पण घरात सगळे त्यांना दादाच म्हणत. सूनबाई माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती, नको म्हणून. मी म्हटलं, "घाईत राहिलं."

"कॉलेजात शिकिवती आणि कुंकू लावायचं कळत न्हाय! आण गं करंडा."

त्यांनी माझी हनुवटी धरली आणि कापऱ्या बोटाने कुंकू लावलं. आजोबा गेल्यापासून माझ्या कपाळाला काही लागलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती, माझाच हात उचलला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"पोराची हळद आली जवळ. एक ध्यानात ठेव. नवरा गेलेल्या बायांना पुढं येऊ देऊ नगं. मागं थांब म्हणायचं. पोराच्या भल्यासाठी सांगते."

तोच आवाज होता, तेच हसू. त्यात माझ्याबद्दल तेव्हाही काही वाईट नव्हतं, हे मला त्या ओट्यावर कळलं. त्यांना फक्त पोराची भीती वाटत होती. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं सांभाळलेलं 'जाऊ द्या' तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. म्हणणार कुणाला? ज्या बाईने वाटी काढून घेतली ती समोर नव्हती. जी होती ती माझ्या घरच्या हळदीची काळजी करत होती.

"बरं, वन्सं," मी म्हटलं.

तेव्हा धाकटे, मी त्यांना माफ केलं का, असं पुढच्या रविवारी विचारशील, तर मला सांगता येणार नाही. वाटी अजून आठवते. आठवली की बोटं आखडतात. त्याला माझा इलाज नाही.

महिन्यातून एकदा मी इंदापूरला जाते. टिकलीचं पाकीट पर्समध्ये असतं. स्टँडवर उतरले की रसवंतीच्या आरशात बघून एक लावते, म्हणजे त्यांना विचारावं लागत नाही. परतीच्या गाडीत बसले की काढते आणि पर्सच्या आतल्या कापडाला चिकटवून ठेवते. तिथे आता बऱ्याच झाल्या आहेत.