हेल्मेटच्या आतली टोपी

"हेल्मेट घालायच्या आधी ही घालत जा. मी रोज नवी देईन," सान्वीची मम्मी म्हणाली आणि माझ्या हातावर प्लॅस्टिकची टोपी ठेवली.

हॉटेलच्या बाथरूममध्ये असते ना, केस भिजू नयेत म्हणून, तसली. पातळ, पारदर्शक, कडेला इलॅस्टिक. मी नववीत होते. असली टोपी मी तोवर कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, खेळातलीच काहीतरी वस्तू असणार. मी म्हणाले, "थँक्यू आंटी."

थँक्यू म्हणाले मी. आज हे सांगतानाही कानशिलं तापतात.

मग आजूबाजूला बघितलं. रिंकवर इतकी पोरं होती, एकाच्याही डोक्यावर टोपी नव्हती. सान्वीच्या तर नव्हतीच.

आमच्या क्लबकडे गोलकीपरचं सामान एकच होतं. पायाला बांधायचे जाडजूड पॅड, छातीचं कवच, तोंडावर जाळी असलेलं हेल्मेट. फार महाग असतं ते, म्हणून सगळ्यांत मिळून एक. गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि सान्वी. कधी ती आधी घालायची, कधी मी. आमच्या आधी शिकून गेलेल्या पोरांचा घामही त्यात मुरलेला होता. त्या सामानाला जो वास यायचा तो कुणा एकीचा नव्हताच. टोपी मात्र एकटीला.

"हायजीनचं आहे गं फक्त," आंटी म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस हं."

त्याच्या आदल्या आठवड्यात तिने मला पूर्ण नाव विचारलं होतं. मी सांगितलं. मूळचे कुठले, विचारलं. परभणीचे, म्हटलं. चौदा एप्रिलला प्रॅक्टिसला का आली नाहीस, विचारलं. तेही सांगितलं, मोठ्या आनंदाने सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही. आवाज बदलला. एकदम गोड झाला. त्या गोड आवाजाचं काय करायचं असतं, ते नववीतल्या पोरीला कुठून कळणार.

ही गोष्ट मिरा रोडची. बागेतल्या सिमेंटच्या रिंकवर आम्ही चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायचो. आमच्याकडे बर्फ नाही. पण चाकांवर जे चांगले खेळतात त्यांना बर्फावरच्या हॉकीच्या निवडीला बोलावतात, देशाच्या टीमसाठी. हे क्लबच्या कोच सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात ते जाऊन बसलं होतं. आम्ही राहायचो जवळच्या मुर्धा गावात, भाड्याच्या खोलीत. बर्फ म्हणजे मला मासळीच्या पेट्यांतला ठाऊक. आई बेव्हर्ली पार्कच्या एका प्रसूतिगृहात आया होती. सुट्टी झाली की तिथल्याच टॉवरांत बाळ-बाळंतिणींच्या मालिशीला जायची. त्या लोकांची तान्ही लेकरं माझी आई उघड्या हातांनी चोळून न्हाऊ घालायची, तेव्हा कुणाला हायजीन आठवलं नाही.

सरांनी मला गोलमध्ये उभं केलं, कारण अंगावर पक आला तरी मी डोळे मिटत नव्हते. पक म्हणजे रबराची जाड चकती, हॉकीतला आमचा चेंडू. चांगली लागते. पण मला त्याची भीती वाटली नाही.

त्या टोपीने मात्र मला बिघडवलं. प्लॅस्टिक कानांवर यायचं आणि आत नुसतं कुरकुरत राहायचं. गोलकीपर डोळ्यांनी जितकी खेळते तितकीच कानांनी खेळते. मागून कोण येतंय, आपली डिफेन्डर काय ओरडतेय, ते ऐकावं लागतं. मला काहीच ऐकू यायचं नाही. सर ओरडायचे, "अगं बहिरी आहेस का? लेफ्ट म्हणतोय मी, लेफ्ट!" सरांना टोपी दिसत होती. सर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सान्वीच्या पप्पांनी क्लबला नवीन गोलपोस्ट दिले होते.

मी काय केलं? घालत राहिले. खेळायचं होतं मला.

आणि जळत राहिले. हे मी लपवणार नाही. सान्वीला बघून माझा तिळपापड व्हायचा. तिच्या चाकवाल्या बॅगेवर जळायचे. तिच्या डब्यातल्या कापलेल्या फळांवर जळायचे. गाडीत एसी लावून तिची आई तासन् तास बसून राहायची, त्या वेळेवर तर सगळ्यात जास्त. माझ्या आईकडे माझा खेळ बघायलाही वेळ नव्हता. सुट्टीत सान्वी दुबईला जाऊन खऱ्या बर्फावर शिकून यायची आणि तिच्या फोनवर ते व्हिडिओ मला दाखवायची. चांगल्या मनाने दाखवायची, तेच जास्त झोंबायचं. मग तिने स्वतःचं अख्खं सामान घेतलं, निळं, कोरं करकरीत. तेव्हापासून क्लबचं जुनं सामान माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. टोपी सुटली. कुणी मला सोडवलं नाही, फक्त तिचं काम संपलं.

आई म्हणायची, "जळू नये माय दुसऱ्याचं बघून. आपलं आपल्यापाशी." मी मनात म्हणायचे, आपल्यापाशी आहे काय?

गेल्या थंडीत दोघींनाही बोलावणं आलं. आशियातल्या स्पर्धेसाठी देशाच्या महिला टीमचं शिबिर, उत्तराखंडात, बर्फाच्या बंदिस्त रिंकमध्ये. दोन गोलकीपर आधीच ठरलेल्या होत्या, लडाखच्या. तिसरी हवी होती. ती एक जागा. तिच्यासाठी सान्वी आणि मी.

पहिल्या दिवशी बर्फावर मी इतक्यांदा आपटले की लडाखच्या पोरी हसल्या. वाईट हसल्या नाहीत. त्यांच्यातली ल्हामो पहिल्या नंबरची गोलकीपर. प्रॅक्टिस चालू असताना तिच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. ती सरळ माझ्याकडे आली, म्हणाली, "दे ना, दो मिनट," आणि माझं हेल्मेट घेतलं. घामाने निथळत होतं ते. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. आता पुसेल, आता उलटं करून झटकेल. तिने डोक्यात घातलं, पट्टा ओढला आणि गेली.

मी तिथेच उभी राहिले. तुम्हाला ही गोष्ट छोटी वाटेल. माझ्यासाठी नव्हती.

संध्याकाळी जेवताना तिला माझ्या गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट दिसलं. "तू भी बुद्धिस्ट है? अरे, हम भी!" भर मेसमध्ये, मोठ्याने. पुढे डाळ वाढून घेतली. बस. मी मिरा रोडला आवाज खाली करून जे सांगायला शिकले होते, ते ती स्वतःचं गाव सांगावं तसं सांगत होती. त्या रात्री मला कळलं की मी हिच्यावरही जळतेय. सान्वीवर जळत होते त्याहून जास्त. हिच्याकडे दुबई नव्हती, चाकवाली बॅग नव्हती. हिचं सामानही थोरल्या बहिणीचं होतं. हिच्याकडे होती ती मान. ताठ, सरळ, तिला पत्ताही नव्हता की ती ताठ आहे. मला ती हवी होती.

सान्वी आमच्यानंतर आली, विमानाने. तिची बॅग मात्र आली नाही, कुठल्यातरी दुसऱ्याच विमानतळावर गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोघींची चाचणी. कोच मॅडम म्हणाल्या, शिबिराचा जो जादा सेट मी वापरत होते तोच दोघींनी वापरा, आळीपाळीने. आधी मी, मग सान्वी.

चेंजिंग रूममध्ये माझे पॅड बांधून झाले. हेल्मेट उचललं. सान्वी बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिने पर्समधून छोटी डबी काढली, डबीतून घडी काढली आणि माझ्यापुढे धरली. टोपी.

"घाल ना," ती म्हणाली. "नंतर मला घालायचंय."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, किळस नाही. पाण्याची बाटली द्यावी तशी देत होती. आईने शिकवलं होतं आणि ती शिकली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मला स्वच्छ दिसलं की ही उद्या स्वतःच्या पोरीलाही अशीच डबी देईल.

"नाही घालणार," मी म्हणाले.

"अगं, काय झालं?"

"तू घाल. तुला लागते ना? तू घाल."

आमचे सर शिबिराला सोबत आले होते. दारातूनच म्हणाले, "ए, उगाच इश्यू करू नकोस. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. घाल आणि चल. चान्स घालवशील."

चान्स. खरंच होतं ते. तिसरी जागा एकच होती. मी टोपी सान्वीच्या हातातून घेतली आणि बाहेर बर्फाच्या कडेला गेले. तिथे कोच मॅडम होत्या, सगळी टीम होती. मी टोपी वर धरली.

"मॅडम, हेल्मेट के अंदर ये पहनने का रूल है क्या?"

"क्या है ये?"

"मेरे बाद हेल्मेट सान्वी को पहनना है, इसलिए मुझे ये पहनने को बोल रहे हैं. स्कूल के टाइम से. सिर्फ मुझे. मेरी जात की वजह से."

जात हा शब्द मी तोंडाने पहिल्यांदा उच्चारला. मॅडम माझ्या बाजूने बोलल्या, असं काही झालं नाही. त्यांनी सरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोई रूल नहीं है. टाइम मत खराब करो. गोल में जाओ."

मी टोपी कचऱ्याच्या डब्यात टाकली. उघड्या केसांवर हेल्मेट घातलं. गोलमध्ये गेले. बर्फ कापत येणाऱ्या स्केट्सचा आवाज किती स्पष्ट असतो! कोण कुठून येतेय, कोण श्वास रोखून मारणार आहे, सगळं ऐकू येत होतं. डाव्या बाजूचे, उजव्या बाजूचे, मी अडवत गेले. सगळे नाही. पण ल्हामो कडेला स्टिक बर्फावर आपटत होती. चांगल्या खेळाला त्यांच्यात तशी दाद देतात.

सान्वीने माझ्यानंतर ते हेल्मेट घातलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली. तिची चाचणी बॅग आल्यावर झाली, तिच्या स्वतःच्या सामानात.

तिसरी गोलकीपर म्हणून सान्वीची निवड झाली. मी राखीव. स्वतःचं सामान असलेली खेळाडू सोयीची पडते, असं आम्हाला सांगण्यात आलं.

घरी आले तर बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावर बॅनर. सान्वीचा फोटो, खाली अभिनंदन, भोवती पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. आईला रोज त्याच्याखालून कामावर जावं लागायचं. मी तिथून गेले की पोटात आग पडायची.

मग सरांचा फोन आला. शेवटच्या शिबिराला राखीव गोलकीपरलाही नेणार होते. पण सान्वीची मम्मी दुखावली होती. सर म्हणाले, क्लबच्या ग्रुपवर सॉरी लिही, विषय मिटव, नाहीतर तुझं नाव पुढे पाठवता येणार नाही.

"म्हण की गं एकदा," आई म्हणाली. "तोंड झिजतंय का तुझं? मला सान्वीच्याच बिल्डिंगीत जायचंय उद्या."

मी लिहिलं नाही. रिंकवर गेले. आंटी गाडीतून उतरली. आवाज तोच, गोड.

"आम्ही जातबीत काही मानत नाही हं," ती म्हणाली. "उलट मी स्वतः तुला टोप्या आणून द्यायचे."

हसू आलं मला. रडूही आलं असतं, पण ते मी तिला दिलं नाही. मी सरांना म्हणाले, "सर, मी सॉरी म्हणणार नाही. नाव काढायचं तर काढा. का काढलं ते विचारायला मी वरपर्यंत जाईन."

नाव काढलं. आईचं टॉवरमधलं मालिशीचं एक घर सुटलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. तिचा राग मला कळतो. तरीही मी तेच करीन.

नाव का काढलं, ते हॉकीच्या संघटनेला लेखी विचारलंय मी. उत्तर आलेलं नाही. परत विचारीन.

आता टीमचं शेवटचं शिबिर चालू आहे. सगळे व्हिडिओ बघते मी. निळ्या जर्सीत सान्वी दिसते, बाकावर बसलेली, पाठीवर देशाचं नाव. मी एकेक फ्रेम थांबवून बघते आणि जळते. लोक म्हणतात, देशाची टीम आहे, आनंद मान. मैत्रीण होती ना तुझी. मन मोठं कर.

नाही करणार. मन मोठं करायला नेहमी आम्हालाच सांगितलं जातं, ज्यांच्या वाट्याला बाकी काहीच मोठं आलेलं नाही. मी जळते, कारण ते माझंही आहे हे मला माहीत आहे. ज्या दिवशी जळणं थांबेल, त्या दिवशी ते मला सान्वीचंच वाटायला लागलेलं असेल.

पुढच्या निवडीला मी जाणार. कुणाच्या गाडीत बसून नाही, कुणाची माफी मागून नाही. सगळ्यांसाठी जागा असते असं मला कुणी समजावू नये. गोलमध्ये एकच जण उभी राहते. मला सान्वीच्या शेजारची जागा नको. मला सान्वीची जागा हवी आहे, आणि ती मी घेणार आहे.