न्हाणीतली घटपर्णी

रनाळ्याला काकांकडे गेलं की अंघोळीआधी निर्मलाकाकूंची परवानगी काढावी लागे. न्हाणीच्या खिडकीत त्यांची घटपर्णी टांगलेली असायची. पानांच्या टोकांना झाकणवाले तांबूस पेले, काठावर गोडवा आणि आत पाणी. माशी एकदा आत घसरली की संपली. मुलगी दीपमाला नोकरीनिमित्त केरळात होती, तिनं ते रोप नऊ वर्षांपूर्वी आणून दिलं. आमच्याकडचं ऊन त्याला कसं मानवणार? म्हणून काकूंनी त्याला न्हाणीत ठेवलं. खिडकीला ओलं गोणपाट बांधलं आणि पावसाचं पाणी टाकीत साठवलं. बोअरचं जड पाणी त्याला चालत नसे. बाया चेष्टा करत, काकू खुशाल हसत. एवढं कौतुक त्यांनी आम्हा पुतण्यांचंही कधी केलं नाही, आणि मला त्याचा रागही यायचा.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात काकू गुडघ्याच्या ऑपरेशनला सुरतेला गेल्या. पंधरा दिवस रोप हिलालकाकांच्या हवाली होतं. काका जन्मभर मिरची पिकवणारे, खताबिगर झाड वाढतं हे त्यांना पटणारच नाही. बायको येईपर्यंत पेले दुप्पट झालेले दाखवू, या हौसेनं त्यांनी कुंडीत मूठभर युरिया टाकला. चौथ्या दिवशी पानं काळी पडू लागली. मग मला फोन आला. मी गेले, कुंडी धुतली, पण मुळं जळाली होती. शेंड्याचा हिरवा तुकडा तेवढा उरला होता, तो कापून ओल्या नारळाच्या भुशात खोचला.

उन्हानं गेलं म्हणून सांगा, मी काकांना सुचवलं. त्या उन्हाळ्यात कुणीही मानलं असतं. काकू काठी टेकत घरात आल्या, तशा न्हाणीकडेच वळल्या. काका वाटेत उभे राहिले.

"ऊन नही लागनं त्याले. मी युरिया टाका."

काकूंनी भुशातला तो तुकडा बघितला. मग म्हणाल्या, "चाळीस वरीसमा माले एक फूल नही दिधं, आनि झाडले युरिया दिधा." आणि हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. काकाही रडले. मी काकांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर दोघं मिळून त्या काडीला जपू लागली. पाणी काका घालायचे, किती ते काकू सांगायच्या. काडीला पानं फुटली, पण पेला काही धरेना. दिवाळीनंतर काकू झोपेतच गेल्या. हृदयविकार होता.

पुढच्या श्रावणात सकाळी सकाळी काकांचा फोन आला. पहिल्या पेल्याचं झाकण उघडलं होतं. मी आनंदानं काहीबाही बोलत सुटले. काकांनी मला बोलू दिलं आणि मग हळूच विचारलं, "शीला, आते कोणले दखाडू मी?"